ताप उतरला, मग चालायला कधी जायचं?

जून ते नोव्हेंबर हे गोव्यात तापाचे महिने. चतुर्थीच्या नेवऱ्या-मोदक खाऊन झाले की बऱ्याच जणांना व्यायामाची आठवण होते, तीही नेमकी याच काळात. कोणी मिरामारला चालायला लागतो, कोणी म्हापशात जिम लावतो, कोणी फातोर्ड्याला मैदानाभोवती फेऱ्या मारतो. थोडे दिवस सुरळीत जातात आणि एके सकाळी घसा खवखवतो, अंग कणकणतं. आता जायचं की नाही? गेलं तर आजार वाढेल, नाही गेलं तर नुकतीच लागलेली सवय मोडेल.

सवयीची भीती आधी डोक्यातून काढा. आठवडाभर पडून राहिल्याने कमावलेला दम किंवा ताकद फारशी जात नाही. दमात जाणवण्याइतका फरक पडायला साधारण दोन आठवडे लागतात, ताकद त्याहून जास्त टिकते. वय साठीच्या पुढे असेल तर स्नायू लवकर झडतात हे खरं, पण त्याला उपाय आहे आणि तो पुढे येईल.

आजार ऐन भरात असताना फारसं कोणी धावायला जात नाही, शरीरच उठू देत नाही. घोटाळा होतो तो ताप उतरल्यानंतरच्या तीन-चार दिवसांत. बरं वाटायला लागलेलं असतं, घरात बसून कंटाळा आलेला असतो आणि आजार मात्र पुरता गेलेला नसतो. म्हणून या लेखात त्या दिवसांवर जरा जास्त वेळ घालवला आहे.

पायरी 1: अंथरुणातून उठायच्या आधी

बूट शोधायच्या आधी दोन गोष्टी मोजा, ताप आणि नाडी.

थर्मामीटर डिजिटल घ्या, कुठल्याही फार्मसीत मिळतो. चहा किंवा गरम पाणी प्यायलेलं असेल तर पंधरा मिनिटं थांबा, मग जिभेखाली ठेवून तोंड मिटा. काखेत लावलात तर आकडा थोडा कमी दिसतो, हे ध्यानात असू द्या. 100.4 फॅरनहाइट, म्हणजे 38 सेल्सिअस किंवा त्याहून जास्त असेल तर ताप आहे आणि आज व्यायाम नाही. कपाळाला हात लावून ‘तसं काही नाही गं’ म्हणणारी आई किंवा सासू प्रत्येक घरात असते. त्यांचा मान राखा, पण थर्मामीटरही लावा.

नाडी मनगटावर अंगठ्याच्या बाजूला लागते. तर्जनी आणि मधलं बोट ठेवा, अंगठा नको, त्याला स्वतःचे ठोके असतात. तीस सेकंद मोजा आणि दुप्पट करा. हे धडधाकट असतानाच चार-पाच सकाळी करून आकडा कॅलेंडरवर लिहून ठेवायला हवा, नाहीतर आजारी पडल्यावर तुलना कशाशी करणार? रोजच्यापेक्षा दहा किंवा जास्त ठोके वाढलेले असतील तर शरीर कशाशी तरी झुंजत आहे. तापात प्रत्येक सेल्सिअस अंशामागे नाडी साधारण दहा ठोक्यांनी वाढतेच. कधी कधी मात्र ताप दिसायच्या आदल्या दिवशीच नाडी वाढलेली सापडते.

एक अपवाद आहे. रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल यांसारख्या गोळ्या चालू असतील तर नाडी मुद्दाम खाली ठेवलेली असते. अशांनी या आकड्यावर विसंबू नये.

पायरी 2: त्रास मानेच्या वर की खाली

खेळाडूंचे डॉक्टर वापरतात ती ही जुनी चाळणी आहे. नाक गळतंय, शिंका येताहेत, घसा किंचित खवखवतोय, डोकं थोडं जड आहे, पण ताप नाही, म्हणजे सगळा त्रास मानेच्या वर आहे. अशा वेळी हलका व्यायाम चालतो. छातीत कफ, दम लागणं, छाती भरल्यासारखी वाटणं, अंगदुखी, थंडी वाजणं, उलट्या, जुलाब यांतलं एकही असेल तर घरी राहा. मानेवरचा आणि खालचा त्रास दोन्ही असतील तर खालचा धरायचा.

चाळणीतून पास झालात तरी पहिली दहा मिनिटं परीक्षेचीच. रोजच्या निम्म्या वेगाने चालायला लागा. दहा मिनिटांनी नाक मोकळं होऊन बरं वाटलं तर निम्मा वेळ चाला. डोकं ठणकायला लागलं, पाय जड झाले तर तिथूनच मागे फिरा. वेग बरोबर आहे का हे बघायला घड्याळ नको. चालता चालता एखादी आरती म्हणून बघा. शब्द नीट म्हणता येतात पण सुरात ओढता येत नाही, इतपत दम लागलेला चालतो. दोन ओळींत श्वास तुटत असेल तर वेग जास्त आहे.

सर्दीत काय टाळायचं? योगासनं करणाऱ्यांनी शीर्षासन, सर्वांगासन आणि ओणवं व्हायची आसनं थोडे दिवस बाजूला ठेवावीत. चोंदलेल्या नाकात, सायनसमध्ये त्यांनी ठणका वाढतो. कपालभातीने सर्दी ‘फेकली जाते’ असं सांगणारे पुष्कळ भेटतील, पण नाक बंद असताना जोरजोरात श्वास मारल्याने कानाला दडे बसण्यापलीकडे काही हाती लागत नाही. रक्तदाबवाल्यांनी तर त्या वाटेला जाऊच नये. वजनं उचलणाऱ्यांनी श्वास कोंडून जोर लावू नये.

जिमचं म्हणाल तर मला ते सर्दीतही पटत नाही. बंद खोली, एसी, एकाच बारला वीस जणांचे हात. तुम्हाला झेपेल हो, पण शेजारच्या ट्रेडमिलवर जो काका आहे त्याला कदाचित दमा असेल. सर्दीचे पहिले दोन-तीन दिवस उघड्यावर चाला, नाहीतर घरच्या बाल्कांवात, म्हणजे पुढच्या ओसरीत, हातपाय हलवा. पोहणं नकोच. कान दुखत असताना मुळीच नको, आणि पावसाळ्यात समुद्रात तर कोणीच उतरायचं नाही, ठणठणीत असलात तरी.

तापात का नाही

‘घाम काढला की ताप उतरतो’ ही समजूत आपल्याकडे मुरलेली आहे. घाम येतो तो ताप उतरताना, घाम आणल्याने ताप उतरत नाही. तापात शरीराने स्वतःचं तापमान वर नेऊन ठेवलेलं असतं आणि व्यायामाने त्यात भर पडते. ती उष्णता बाहेर टाकायची तर घाम वाळायला हवा. इथल्या दमट हवेत तो वाळतच नाही, नुसता गळत राहतो. पाणी आणि मीठ जातं, अंग थंड होत नाही.

दुसरं कारण जास्त गंभीर आहे. फ्लू, कोविड आणि इतरही काही विषाणू कधी कधी हृदयाच्या स्नायूपर्यंत पोचतात आणि तिथे सूज आणतात. तिला मायोकार्डायटिस म्हणतात. हे क्वचित होतं, पण सूज असताना जोराचा व्यायाम केला तर ठोक्यांची लय बिघडून माणूस जागच्या जागी कोसळू शकतो. हे निदान झालेल्या खेळाडूंना तीन ते सहा महिने मैदानाबाहेर बसवतात, यावरून काय ते समजा.

आणि गोळी घेऊन ताप उतरवून जाणं ही स्वतःचीच फसवणूक. पॅरासिटामॉलने आकडा खाली येतो, आजार जिथल्या तिथे राहतो.

पायरी 3: ताप कसला ते आधी कळू द्या

दुसऱ्या गावात तीन दिवसांचा ताप बहुतेक वेळा व्हायरल म्हणून सोडून देता येतो. गोव्यात पावसाळ्यात तसं करू नका. दोन दिवसांत ताप हटला नाही तर रक्त तपासा. मलेरियाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते. डेंग्यूची एनएस-1 चाचणी पहिल्या पाच दिवसांत उपयोगी, त्यानंतर रक्तातली आयजीएम प्रतिपिंडं बघतात. व्यायामाला कधी परतायचं हे तापाच्या जातीवर ठरतं, म्हणून हा फरक महत्त्वाचा.

डेंग्यूचा डाव सगळ्यात फसवा. त्याचा धोक्याचा काळ ताप चढलेला असताना नसतो, ताप उतरताना सुरू होतो, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात. रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपायला लागतं, रक्त गोठवणाऱ्या पेशी, म्हणजे प्लेटलेट्स, खाली जातात, आणि माणूस म्हणतो, ‘आता बरं वाटतंय.’

पणजीत कांपालला सकाळी चालणाऱ्या आमच्या घोळक्यात एक निवृत्त शिक्षक आहेत, सगळे त्यांना सर म्हणतात. चार दिवस दिसले नव्हते, पाचव्या दिवशी स्वेटर घालून हजर. ‘ताप काल रात्रीच गेला, आज दोनच फेऱ्या मारतो.’ घोळक्यात एक नर्सबाई आहेत. त्यांनी सरांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, ‘सर, घड्याळ जरा काढा बघू.’ पट्ट्याखाली मनगटावर टाचणीने टोचल्यासारखे लाल ठिपके होते, दाबले तरी न जाणारे. सरांना बाकावर बसवलं, मुलाला फोन केला आणि ते थेट रक्त तपासायला गेले. प्लेटलेट्स उतरल्याच होत्या. दोन फेऱ्यांत ते पडले-झडले असते तर साधा मुका मारही महागात गेला असता.

तेव्हा डेंग्यूनंतर प्लेटलेट्स दीड लाखाच्या वर येऊन डॉक्टरांनी हो म्हणेपर्यंत सायकल, फुटबॉल, वजनं, योगातले तोल सांभाळायचे प्रकार, काही नाही. घरातल्या घरात चालणं एवढंच. पोटात सतत दुखणं, थांबत नाहीत अशा उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, कमालीची सुस्ती यांतलं काही दिसलं तर व्यायामाचा विषयच संपला, इस्पितळ गाठा. डेंग्यूचा थकवा पुढे कित्येक आठवडे रेंगाळतो. जिना चढून धाप लागली तर घाबरू नका, पण रेटूही नका.

मलेरियात प्लीहा सुजते. डाव्या बरगडीखाली असते ती. सुजलेल्या प्लीहेला धक्का बसला तर ती फाटू शकते, म्हणून फुटबॉल, कबड्डी बंद. व्हायवॅक्स जातीचा मलेरिया असेल तर प्रायमाक्विनचा 14 दिवसांचा कोर्स असतो. पाचव्या दिवशी बरं वाटलं म्हणून तो सोडणारे पुन्हा तापाने पडतात आणि मग व्यायामाला दोष देतात.

लेप्टोचं, म्हणजे उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्या-चिखलातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचं, वेगळंच. चिखलाच्या मैदानावर खेळलात, शेतात उतरलात, पायाला कुठे खरचटलेलं होतं, आणि आठ-पंधरा दिवसांनी ताप आला. सोबत पोटऱ्या प्रचंड दुखतात. नवा व्यायाम करणारा हमखास म्हणतो, परवा जास्त धावलो म्हणून असेल. धावल्याने पोटऱ्या दुखतात पण ताप येत नाही, डोळे लाल होत नाहीत, लघवी गडद होत नाही. हे एकत्र दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा आणि चिखलात खेळल्याचं त्यांना सांगा, ते विचारतील याची वाट बघू नका.

चिकनगुनियात ताप चार दिवसांत जातो, सांधे मात्र महिनोन् महिने धरतात. इथे पडून राहण्याने आणखी आखडायला होतं. सकाळी कोमट पाण्यात हात बुडवून बोटं उघडझाप करा, घोटे गोल फिरवा, गुडघे बसल्या बसल्या सरळ करा. सांधा सुजून गरम लागत असेल त्या दिवशी त्याला सुट्टी. उड्या, जिने, फुगडी पुढच्या वर्षी.

सत्तरी तालुक्यातल्यांना आणखी एक गोष्ट. तिथे 2015 पासून माकडताप आढळतो, तो गोचिडीमार्फत येतो आणि साधारण डिसेंबर ते मे, म्हणजे काजूच्या हंगामातच. ताप जाऊन एक-दोन आठवडे झाल्यावर काहींना तो दुसऱ्यांदा येतो. तेवढे दिवस रानात चढण चढायला जाऊ नये, आणि घरी ताप मोजत राहावा.

पोट बिघडलं असेल तर

यात विचार करण्यासारखं काही नाही, जुलाब-उलट्या चालू असताना व्यायाम बंद. ओआरएसचं पाकीट त्यावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात घाला, मोठं पाकीट एका लिटरचं असतं. ते नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा. मीठ अंदाजाने नको. पेज, आडसराचं म्हणजे शहाळ्याचं पाणी उत्तमच, पण ओआरएसच्या जोडीला. लघवी फिक्या रंगाची व्हायला लागली आणि पूर्ण दिवस पोट शांत गेलं की मग बघा.

घरातल्या गोळ्या

फार्मसीत जाऊन ‘सर्दीचं काहीतरी द्या’ म्हणणं ही आपली सर्वमान्य पद्धत. त्या गोळ्यांत नाक मोकळं करणारं जे औषध असतं त्याने नाडी आणि रक्तदाब वाढतो. त्यात व्यायामाची भर नको. सर्दी-अ‍ॅलर्जीच्या काही गोळ्यांनी झोप येते, अशा वेळी सायकलवर बसू नका. आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामकांनी, अंगात पाणी कमी असताना, मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. डेंग्यूचा संशय असेल तर ती गोळी आणि अ‍ॅस्पिरिन स्वतःच्या मनाने अजिबात घ्यायची नाही, रक्तस्रावाचा धोका वाढतो. हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन आधीपासून चालू असेल तर मात्र ती परस्पर थांबवू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा. सिप्रोफ्लोक्सासिन, लिव्होफ्लोक्सासिन या अँटिबायोटिकांनी स्नायू हाडाला जोडणारी दोरी (टेंडन), विशेषतः टाचेमागची, तुटण्याची शक्यता वाढते. कोर्स चालू असताना आणि संपल्यावरही काही आठवडे उड्या-धावणं टाळावं. हे फार थोड्या जणांना माहीत असतं.

पायरी 4: परतायचं कसं

साध्या व्हायरल तापानंतरचा हिशेब सांगतो. गोळीशिवाय पूर्ण चोवीस तास ताप नाही, भूक लागतेय, नाडी रोजच्या आसपास आहे, ही तिन्ही झाली की सुरुवात.

पहिल्या दिवशी घरातच पाच-दहा मिनिटं. बाल्कांवात फेऱ्या, खुर्चीवरून हात न टेकता सात-आठ वेळा उठबस. वयस्कर माणसांनी ही उठबस ताप गेल्याच्या पहिल्याच दिवसापासून करावी, मांड्यांची ताकद तिनेच टिकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सपाट रस्त्यावर दहा-पंधरा मिनिटं, सकाळी आठच्या आत. चौथ्या-पाचव्या दिवशी वीस-पंचवीस. मग रोजच्या निम्म्यावर या आणि तिथे दोन दिवस थांबा. अल्तिनोची चढण, जिने, धावणं हे सगळ्यात शेवटी. एका दिवशी वेळ वाढवा किंवा वेग वाढवा, दोन्ही एकदम नको. जिमवाल्यांनी निम्मं वजन, निम्मे सेट. पोरं शेजारी काय उचलताहेत तिकडे बघू नये.

प्रत्येक टप्प्याचा निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी लागतो. नाडी वाढलेली, अंग ठेचल्यासारखं, झोप होऊनही थकवा, असं असेल तर एक टप्पा मागे या. कोविडनंतर काही जणांना थोड्या श्रमानेही दोन-दोन दिवस गळून जायला होतं. त्यांनी दर आठवड्याला वाढवायचा हट्ट सोडावा आणि डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

न्यूमोनिया झाला असेल, इस्पितळात राहावं लागलं असेल, आजारात छातीत दुखलं असेल, तर हा हिशेब तुमच्यासाठी नाही. परतायची तारीख डॉक्टरांकडूनच घ्या. गरज वाटली तर ते ईसीजी काढतील.

साखर आणि रक्तदाब असणाऱ्यांसाठी

2023 साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचं प्रमाण सगळ्यात जास्त गोव्यात निघालं, 26.4 टक्के. म्हणजे सकाळी चालणाऱ्या चौघांत एक तरी मधुमेही धरून चालायला हरकत नाही. एरवी चालणं हे त्यांचं औषधच आहे. पण तापात, पोट रिकामं असतानाही, साखर वाढते. ग्लुकोमीटरवर 250 च्या वर असेल आणि लघवीत कीटोन (शरीर साखरेऐवजी चरबी जाळू लागल्याची खूण) असतील तर व्यायाम नाही. 70 च्या खाली असेल तर आधी साखर-पाणी. 90 च्या खाली असेल आणि इन्सुलिन किंवा साखरेची ग्लिमेपिराइड ही गोळी चालू असेल तर एखादं केळं खाऊन मग निघा. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या साखरेच्या गोळ्या घेणाऱ्यांना उलट्या होत असतील, जेवण जात नसेल तर गोळी चालू ठेवायची का हे त्याच दिवशी फोन करून विचारा.

रक्तदाब 180/110 च्या वर असेल तर चालायला न जाता तो आधी आटोक्यात आणा. दम्याच्या लोकांनी पावसाळ्यात इन्हेलर खिशातच ठेवावा, घरी कपाटात असून उपयोग नाही. भिंतींना बुरशी धरते त्या महिन्यांत त्यांनी पहिली दहा मिनिटं अगदी सावकाश चालावं.

लगेच थांबायचं कधी

छातीत दुखणं किंवा आवळणं, विनाकारण धडधड, डोळ्यांपुढे अंधारी, बसूनही न शमणारी धाप, बोलण्यात गोंधळ. यांतलं काहीही झालं तर आहात तिथेच बसा, घरापर्यंत चालत जायचा प्रयत्न करू नका. सोबतच्याला सांगून 108 ला फोन करा आणि पत्ता सांगताना जवळची खूण सांगा. ‘मिरामारच्या रस्त्यावर’ म्हटल्यावर त्यांना अर्धा मैल शोधावं लागतं. आजारातून उठल्यावरचे पहिले आठ दिवस एकटे जाऊ नका, फोन चार्ज असू द्या, आणि चालू औषधांची चिठ्ठी पाकिटात ठेवा, कारण बांबोळीच्या सरकारी इस्पितळात कॅज्युअल्टीत पहिला प्रश्न तोच विचारतात.